नऊ फूट अकरा इंच

लादी बसवणाऱ्या तुळशीराम मिस्त्रीने मला सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. सोमवारी माल आला नाही तर तो रेवदंड्याच्या दुसऱ्या कामावर जाणार होता, आणि मग होळीनंतरच उगवणार होता. म्हणून गुरुवारी रजा टाकली आणि टाइल्स घ्यायला निघालो.

नागावात, समुद्रापासून जरा आत, एका नारळाच्या वाडीला लागून आमचं घर उभं राहत होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाथरूम. पेणला बारा वर्षं भाड्याच्या खोलीत काढल्यावर मी आणि कल्पिताने, माझ्या बायकोने, ही जागा घेतली. पाया भरला तेव्हा ती होती. जोत्यावर विटा चढायला लागल्या तेव्हाही होती. स्लॅब पडला तेव्हा नव्हती. ऑगस्टमध्ये पाच दिवसांच्या तापाने ती गेली. सदतीस वर्षांची होती. आमची मुलगी प्राप्ती तेव्हा सात वर्षांची. तेव्हापासून माझ्या सासूबाई, कृष्णाबाई, आमच्याकडे राहायला आल्या आणि घराचं काम मी एकट्याने पुढे ओढत नेलं.

मी पेणजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. पत्र्याची जाडी मोजायची, मापात बसत नसेल तो माल परत पाठवायचा. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवय मला नाही. त्या आठवड्यातल्या रविवारीच मी स्टीलची पट्टी घेऊन स्वयंपाकघर नव्याने मोजलं होतं. नकाशात दहा बाय अकरा होतं. जानेवारीत प्लास्टर झालं आणि प्लास्टरने एका बाजूचा एक इंच खाल्ला. नऊ फूट अकरा इंच. मी ते वहीत लिहिलं आणि तुळशीरामला सांगितलं. तिसऱ्या कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आधी अलिबागला गेलो. बायपासच्या रस्त्यावर एक दुकान आहे, पुढे चकचकीत नमुने उभे केलेले, मागे गोदाम. काउंटरवर राहुल नावाचा तरुण होता. मी त्याला सांगितलं की स्वस्तात स्वस्त पण टिकाऊ दाखव, स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्हींसाठी. त्याने बाथरूमच्या जमिनीसाठी एक फिकट पिवळी टाइल काढली. मला ती पटली.

"माप काय साहेब?"

मी सांगितलं. बाथरूमचं आधी, मग स्वयंपाकघराचं.

"नऊ अकरा?" तो थांबला. "नागावचंच घर ना? मग परवा मॅडम येऊन गेल्या की. हीच पिवळी बघितली त्यांनी. नको म्हणाल्या."

"कोण मॅडम?"

"नाव नाही सांगितलं. पाण्यात पाय सरकेल म्हणाल्या, मुलगी पळत पळत जाते अंघोळीला. मी नंबर मागितला तर म्हणाल्या, घ्यायला हे येतील." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्याच घरातल्या ना?"

मी म्हटलं, दुसरं कोणीतरी असेल. तो म्हणाला, असेल. मग आठवल्यासारखं बोलला, "मी खुर्ची दिली बसायला. दमल्या होत्या फार."

बाहेर येऊन तुळशीरामला फोन लावला. त्याने माप कोणाला सांगितलं होतं का, हे विचारलं. तो म्हणाला, "मी कशाला सांगू? माझ्या तर लक्षातपण नाही, तुम्ही वहीत लिवलंय ना." नागावात बांधकामं पुष्कळ चाललीत. पर्यटकांना भाड्याने द्यायला जो तो खोल्या काढतोय. एका घराचं माप दुसऱ्याशी जुळलं तर त्यात नवल नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तरी ती पिवळी टाइल मी घेतली नाही. अंगठ्याला थुंकी लावून मी तो तिच्यावरून फिरवला होता. ती खरंच सरकत होती.

वडखळला महामार्गाच्या कडेला एका कच्छी शेठचं मोठं आवार आहे. गुजरातेतल्या मोरबीहून ट्रक येतात, त्यातला उरलासुरला, वेगवेगळ्या लॉटचा माल तिथे स्वस्तात मिळतो. मी पोचलो तेव्हा साडेबारा वाजले असतील. पत्र्याखाली उकडत होतं. सगळीकडे पुठ्ठ्याचा आणि सिमेंटच्या धुळीचा वास. शेठ पंख्यासमोर बसला होता.

"आवो भाई, बेसो. काय पायजे?"

मी माप सांगितलं. त्याने मान हलवली आणि गल्ल्याच्या बाजूला खिळ्याला टोचलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"हेच ना? बेन तासभर आधी आल्या होत्या. माझ्याकडे त्यांना जमला नाही. ग्लॉसी नको बोलल्या, आणि खरखरीतमध्ये माझ्याकडे एवढे बॉक्स नाय. कागद इथे राहू द्या बोलल्या, हे येतील तर त्यांना द्या."

वहीतून फाडलेलं रेघांचं पान होतं. निळ्या शाईत लिहिलं होतं:

स्वयंपाकघर, ९ फूट ११ इंच बाय ११ फूट. ओट्यामागची भिंत, खिडकी सोडून. बाथरूम, मोरीचा उतार डावीकडे.

कल्पिता अंगणवाडीत होती. मुलांना गिरवायला देते तसंच ती स्वतः लिहायची. आधी सगळी अक्षरं, बिनडोक्याची, आणि मग सबंध ओळीवर एकच लांब शिरोरेघ, पट्टी न लावता पण पट्टीसारखी सरळ. वाण्याची यादी असो की शाळेचा अर्ज, तिची शिरोरेघ कधी शब्दाशी तुटली नाही. समोरच्या कागदावर तीन ओळी होत्या आणि तीन शिरोरेघा.

मोरीचा उतार नकाशात उजवीकडे आहे. तुळशीरामने तो डावीकडे घेतला, कारण बाहेरचा पाइप नारळाच्या मुळांना अडत होता. ही मागच्या आठवड्यातली गोष्ट.

"कशा होत्या दिसायला?" मी विचारलं.

शेठने मला क्षणभर न्याहाळलं. घरातलं काही भांडण असेल असं त्याला वाटलं असावं. "सारा, चांगल्या घरच्या बाई. शांत. उभं राहवत नव्हतं, मी स्टूल दिला. चहा मागवला, अर्धा घेतला." त्याने बोट दाखवलं. स्टुलाशेजारी पेट्यांच्या थप्पीवर कागदी पेला होता. चहावर साय धरली होती. "मी बोललो, रेवसला एक नामाभाऊ आहे. मांडवा, किहीम, तिकडच्या बंगल्यांवर उरलेला माल उचलतो. चांगला माल, भाव कमी. तर तिकडे गेल्या."

मी कागद घडी घालून खिशात ठेवला. बाहेर येऊन स्कूटर सुरू केली.

पोयनाडच्या पुढे उजवीकडे वळून खारेपाटातून रेवसला गेलो. दोन्ही बाजूंना भात कापून झालेली कोरडी शेतं, मध्ये बांध, लांब खाडीकडे तिवरांची हिरवी रेघ. सुरुवातीला मी स्कूटर जोरात मारत होतो. मग हळू केली. तिला गाठलं तर काय बोलायचं, हे मला सुचत नव्हतं.

शेवटच्या दिवशी, हॉस्पिटलात, ती मध्येच शुद्धीवर आली होती. ओठ सुकले होते. मी चमच्याने पाणी घातलं. तिने विचारलं, "लादी घेतली का?"

खरं तर तेव्हा भिंतीही पुऱ्या नव्हत्या. लादी तीच निवडणार होती, हे आमचं पहिल्या दिवसापासून ठरलं होतं. दुकानं हिंडायची, हात लावून बघायचं, घासाघीस करायची, याची ती वर्षभर वाट बघत होती. दर वेळी मी म्हणायचो, आधी भिंती तर होऊ देत.

मी म्हटलं, "घेतली."

"कोणती?"

"तुला पाहिजे होती तीच."

ती हसल्यासारखी झाली. "मला पाहिजे ती कुठली, ते तुम्हाला कुठे ठाऊक?"

त्यानंतर ती बोलली नाही.

नामाभाऊंचं घर जेट्टीच्या अलीकडे, उतारावर होतं. अंगणात ताडपत्रीखाली टाइल्सच्या पेट्या रचलेल्या, काही फुटलेल्या, काही अर्ध्या. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. सत्तरीचा काटक म्हातारा, उघडा, खांद्यावर टॉवेल. मला बघून तो उठला.

"नागावचं का तुमी? या. बाजूला काहारून ठेवलंय सगलं."

पडवीत चौदा पेट्या वेगळ्या लावल्या होत्या. राखाडी, किंचित निळसर झाक असलेली टाइल. मी एक उचलली. पृष्ठभाग बारीक खरखरीत होता, मांजराच्या जिभेसारखा. कोणत्या तरी मोठ्या बंगल्यावर उरलेला माल. तो आमच्या आवाक्यात कधी आला नसता.

"दोन तास बसली व्हती बाई," नामाभाऊ म्हणाले. "पेटी पेटी उघरून बघितली. दोन लॉट हायत, रंगात उलिसा फरक. मी म्हनलं, घरात कोन बघतंय. तर न्हाय म्हनली. एकेक वेगली केली, खडू मागितला नि पाठीवर नंबर घातलं. खिडकीच्या उजेडात कंची, कोपऱ्यात कंची."

मी हातातली टाइल उलटी केली. मागे खडूने ४१ लिहिलं होतं. दुसरी उलटी केली. ४२. मी बोट फिरवलं. खडू बोटाला लागला.

"बाबा," मी म्हटलं, "वडखळहून निघून तिला जेमतेम दोन तास झाले असतील, त्यात वाटच तासाभराची. दोन तास कशी बसेल?"

"मी काय घऱ्याल बघत नवतो," ते म्हणाले. "माझं जेवन झालं नि ती बसलेलीच व्हती." मग आवाज उतरवून, रागावल्यासारखे बोलले, "तुमचीच बायको ना? मग तिला अशी उन्हातानाची एकटी कशाला धाडता? दिवस भरलंत तिचं. आज न उद्या म्हनायचं. खाली वाकता येत नव्हतं तिला, मीच एकेक लादी उचलून मांडीवर देत व्हतो."

मी तिथेच पेटीवर बसलो.

कल्पिता गेली तेव्हा तिला तिसरा महिना होता. ते मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं आणि डॉक्टरांना. सासूबाईंना आम्ही गौरीच्या दिवशी सांगणार होतो. गौरीच्या आधीच सगळं संपलं. नंतर मी त्यांना सांगितलं नाही. एक दुःख त्यांना पुरे होतं. प्राप्तीला सांगायचा प्रश्नच नव्हता.

ऑगस्टपासून फेब्रुवारी. मी बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"कुठे गेली?" मी विचारलं.

"जेट्टीवर. लाँच लागली व्हती भाऊच्या धक्क्याची."

मी स्कूटर तिथेच सोडली आणि पळालो.

जेट्टी लांब आहे. ओहोटी लागली होती. दोन्ही बाजूंना काळा चिखल उघडा पडला होता, त्यावर पांढरे पक्षी.

लाँच सुटली होती. फार लांब नाही. दोनशे, अडीचशे फूट.

वर पंधरा-वीस माणसं होती. टोपल्या, पिशव्या, एक सायकल. मागच्या बाकावर एक बाई बसली होती, पाठमोरी. हिरवी साडी. एक हात कमरेवर मागे टेकलेला, शेवटच्या दिवसांत बायका टेकतात तसा. प्राप्तीच्या वेळी ती सतत तशीच बसायची.

हाक ऐकू गेली असती.

मी तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं.

तिने वळून बघितलं तर, आणि ती नसली तर.

तिने वळून बघितलं, आणि ती असली तर.

मी हाक मारली नाही. लाँच खाडीच्या तोंडाशी लहान होत गेली आणि पाण्यावरच्या उन्हात दिसेनाशी झाली. जेट्टीवरचा माणूस म्हणाला, "पुढची चार वाजता, दादा."

संध्याकाळच्या आत टेम्पोने माल नागावला आणला. सोमवारी तुळशीराम आला. त्याने खडूचे आकडे बघितले आणि त्या क्रमाने टाइल्स लावत गेला. बाथरूम, मग स्वयंपाकघर, मग ओट्यामागची आणि ओट्याखालची भिंत. काम संपलं तेव्हा त्याने पेट्या उलट्या करून झटकल्या. एकही टाइल उरली नव्हती, एकही कमी पडली नव्हती. "वीस वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला, "चार तुकडे तरी वाया जातातच." दोन लॉट कुठे जुळले ते शोधूनही दिसत नव्हतं.

अक्षय तृतीयेला आम्ही राहायला गेलो. प्राप्ती दिवसभर त्या लादीवर अनवाणी धावत होती. सासूबाईंनी ओट्यावर पहिलं दूध उतू जाऊ दिलं आणि पदराने डोळे पुसले. मी तेव्हा त्यांना टाइल्सबद्दल काही बोललो नाही.

पावसाळा साधा गेला. लादी कधी ओली राहिली नाही, कोणी घसरलं नाही. कधी कधी सकाळी मी चहा ठेवायला आत जायचो आणि मला वाटायचं, आत्ताच कोणीतरी इथून उठून गेलंय. पण तसं ते कोणत्याही घरात वाटतं, जिथून माणूस गेलेलं असतं.

नवरात्रात पहिल्यांदा दिसलं. स्वयंपाकघराच्या दारापाशी लादीवर दोन मळकट डाग, जवळ जवळ, आणि त्यामागे दोन लांबट. मी ओल्या फडक्याने पुसले. दोन दिवसांनी ते ओट्याजवळ होते. या टाइलवर डाग सहसा उठत नाहीत, म्हणूनच ते लक्षात आले. मी वाकून उजेडात बघितलं. पुढचे दोन तळव्यांचे होते. मागचे गुडघ्यांचे.

शेजारी तान्हं मूल नाही. वाडीतलं सगळ्यांत लहान मूल सहा वर्षांचं.

मी प्राप्तीला विचारलं, तू रांगत खेळतेस का गं. ती म्हणाली, "मी काय बाळ आहे?" तिचा हात धरून डागाशेजारी ठेवला. तिचा तळवा त्याच्या दुप्पट होता. तिने हात काढून घेतला आणि खेळायला निघून गेली.

मी ते कोणाला सांगितलं नाही. कारखान्यात दिवसभर जाडी मोजायची आणि घरी येऊन डाग मोजायचे. दिवाळीपर्यंत ते फक्त जमिनीवर होते. दिवाळीनंतर ओट्याखालच्या भिंतीवर आले. पहिल्यांदा जमिनीपासून चौदा इंचांवर. मग सतरा. ते मी वहीत लिहिलं, तारखेसह. लिहिताना मला भीती वाटायला हवी होती. पण वही मिटली की मी दुसऱ्या दिवशीच्या सकाळची वाट बघायचो.

डिसेंबरच्या एका रविवारी सासूबाई स्वयंपाकघर पुसत होत्या. त्या रोज सगळं पुसतात, कोपरा न कोपरा. मी दारात उभा होतो. त्यांनी जमीन पुसली, खिडकीखालची भिंत पुसली, ओट्याच्या डाव्या बाजूला आल्या आणि तेवढा हात-दीड हाताचा भाग सोडून पुढे सरकल्या.

तिथे वीस इंचांवर दोन ठसे होते. बोटं वेगळी दिसत होती.

"आई," मी म्हटलं, "ते राहिलं तिथे."

त्यांनी फडकं बादलीत पिळलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"ऱ्हाऊ द्या ते," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं धरून उभा ऱ्हायला लागलाय."

मग उठल्या, ओट्याच्या कडेला ठेवलेली सुरी उचलली आणि वरच्या फळीवर, मागे सरकवून ठेवली.